सुट्टीतली ताटली



पुण्याच्या भाचीने परवा फोनवर विचारलं, "मावशी, उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेचं जेवण कशाला हवं? मुलं घरीच असतात की!" पुण्यात बसून हा प्रश्न पडणं अगदी स्वाभाविक आहे. फोनवर उत्तर लांबलं असतं, म्हणून इथे लिहिते. तिच्यासारखं आणखी कुणाला वाटत असेल तर त्यांनीही वाचावं.

आधी 'घरी' म्हणजे काय ते सांगते. आमच्या आलापल्लीचं नाव बाहेरच्यांना माहीत असतं ते सागवानामुळे. पण मे महिन्यात इथे राज्य असतं तेंदूपत्त्याचं. आसपासच्या गावांतली माणसं पहाटे अंधारात जंगलात शिरतात, ऊन चढलं की गाठोडी घेऊन परततात आणि मग दुपारभर घरात पुडे बांधत बसतात. एका पुड्यात सत्तर पानं. संध्याकाळी ते पुडे फळीवर (म्हणजे संकलन केंद्रावर) नेऊन मोजून द्यायचे. वर्षातली मोठी रोख कमाई याच दोन-तीन आठवड्यांत होते, त्यामुळे घरातल्या कुणालाच उसंत नसते. चूल एकदाच पेटते, रात्री. दुपारी मुलांच्या वाट्याला आदल्या रात्रीचा भात, उरला असेल तर. धाकट्याला कडेवर घेऊन सात-आठ वर्षांची बहीण घर राखते. म्हणजे मुलं घरी असतात हे खरं, पण घर जंगलात गेलेलं असतं!

सगळी मुलं उपाशी मरतात असं मात्र मी म्हणणार नाही. बाहेरचे लोक इथे येऊन तसं लिहितात तेव्हा मला रागच येतो. उन्हाळ्यात जंगल मुलांना पुष्कळ देतं. टेंभरं असतात, चारं असतात, आंबे असतात. पोरं दिवसभर काही ना काही तोंडात टाकत असतात. पण टेंभराने पोट भरलं तरी डाळ-भाताची जागा भरून निघत नाही. आणि जून लागला की ही फळंही सरतात, तेंदूचे पैसे कर्जात आणि बियाण्यात जातात, धान्याची कणगी तळाला लागते. नेमकी तेव्हाही शाळा बंदच. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. आमची सुट्टी लांब, तसा आमचा हा काळही लांब.

आता थोडा इतिहास. (शिक्षिकेच्या हातात खडू दिला की तारखा येणारच, सांभाळून घ्या.)

१५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची शालेय आहाराची योजना सुरू झाली आणि त्याच नोव्हेंबरात आपल्या राज्यात आली. तेव्हा शिजवून काही नव्हतं. ऐंशी टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ. आम्ही हजेरीपुस्तक एका हाताने आणि तराजू दुसऱ्या हाताने सांभाळत असू. हा तांदूळही वर्षातले दहाच महिने. हजेरी नाही तर तांदूळ नाही, आणि सुट्टीत हजेरी कुठून असणार?

शिजवलेलं अन्न आलं ते न्यायालयामुळे. २००१ साली सरकारी गोदामं धान्याने ओसंडत असताना लोक उपाशी आहेत, अशी याचिका पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजने सर्वोच्च न्यायालयात केली. त्यावर २८ नोव्हेंबर २००१ ला आदेश झाला की प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला किमान ३०० कॅलरी आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असलेलं शिजवलेलं जेवण द्यावं, वर्षातले किमान २०० दिवस. आमच्याकडे २००२-०३ च्या सुमारास खिचडीचं पातेलं चुलीवर चढलं. चूल तीन दगडांची, धूर वर्गात. पण पटावरची मुलं वर्गात दिसू लागली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

दोनशे दिवस. मग उरलेले एकशेपासष्ट? न्यायालयालाही हे जाणवलं असावं. २० एप्रिल २००४ च्या आदेशात म्हटलं की दुष्काळग्रस्त भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही हे जेवण द्यावं. १३ मे २०१६ ला स्वराज अभियानाच्या खटल्यात तेच पुन्हा सांगावं लागलं, वर अंडं किंवा दूध द्या असंही सांगितलं. (१३ मे म्हणजे सुट्टी सुरू झालेली!) ३१ ऑक्टोबर २०२३ ला आपल्या राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तेव्हाही त्या तालुक्यांसाठी २०२४ च्या सुट्टीत आहाराचे आदेश निघाले. त्या यादीत विदर्भातले फक्त बुलढाणा आणि लोणार. गडचिरोलीचा एकही तालुका नाही.

यात चूक कुणाची म्हणावी? नियमाप्रमाणे सगळं बरोबर आहे. दुष्काळ पावसावर आणि पिकावर मोजतात, आणि आमच्याकडे पाऊस धो धो पडतो. पण पावसाची नोंद आणि कणगीची नोंद एकच नसते. जंगल हिरवं दिसतं म्हणून माणूस जेवलेला असतो असं नाही.

हा प्रश्न आपलाच आहे असंही नाही. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्ड नावाचं लोकरीच्या गिरण्यांचं शहर आहे. तिथे १९०७ मध्ये डॉ. राल्फ क्राउली यांनी चाळीसेक गरीब मुलांना शाळेत रोज दोन वेळा जेवू घातलं आणि त्यांची वजनं घेत राहिले. आलेख चढत गेला, आणि मध्ये विटसनच्या सणाची छोटी सुट्टी आली तिथे एकदम खाली आला. शाळा उघडली, पुन्हा वर. इतका साधा पुरावा! तरीसुद्धा शाळा नसलेल्या दिवशी जेवण देण्याची मुभा तिथल्या कायद्यात यायला १९१४ साल उजाडलं. आणि २०२० मध्ये मार्कस रॅशफर्ड या तरुण फुटबॉलपटूने आवाज उठवला, तेव्हा कुठे तिथल्या सरकारने त्या उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी जेवणाची कूपनं दिली. एवढा श्रीमंत देश, पण सुट्टीतली भूक त्यांनाही दरवेळी नव्याने दिसते.

माझ्याजवळ असा आलेख नाही. पण शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात ठरलेल्या मापाची खिचडी कधी पुरली नाही, हे माझ्या शाळेत स्वयंपाक करणारी बाई आजही सांगेल. एका मे महिन्यात निकालपत्रकांच्या कामासाठी मी शाळा उघडून बसले होते. तासाभराने दारात दोन मुलं उभी. दुसरीतला एक आणि त्याचा लहान भाऊ, दोघांच्या हातात ताटल्या. दार उघडं दिसलं म्हणून आली होती. कोपऱ्यात तांदळाची पोती होती, पण सुट्टीत शिजवायचा हुकूम नव्हता आणि पोत्याचा हिशेब दाण्यादाण्याने द्यायचा असतो. माझ्या डब्यातल्या पोळ्या दोघांना दिल्या. मोठ्याने विचारलं, "मॅडम, उद्या?" मी म्हटलं, उद्या मी येणार नाही. त्याने मान डोलावली. रागावला नाही की काही नाही. सुट्टी म्हणजे जेवण नाही, हे त्याला आमच्यापेक्षा नीट पाठ होतं.

मला मात्र माझं माहेर आठवलं. नगर जिल्ह्यात मी बहात्तरचा दुष्काळ पाहिला आहे. रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्या बाया, आणि तिथे मजुरांना मिळणारी सुकडी. आया ती पदराला बांधून पोरांसाठी ठेवायच्या. ती सुकडी चवीला काही खास नव्हती, पण एक गोष्ट तेव्हाच्या लोकांना समजली होती. आई जिथे राबते तिथे अन्न पोचलं तर ते पोराच्या तोंडापर्यंत जातं. आमच्याकडची कुटुंबं उन्हाळ्याच्या तोंडाला मिरची तोडायला तेलंगणात जातात, मे महिन्यात तेंदूवर असतात. उद्या सुट्टीत आहार द्यायचं ठरलं आणि तो फक्त शाळेच्या व्हरांड्यात ठेवला, तर निम्मी मुलं येणारच नाहीत. मग साहेब लोक लिहितील, 'प्रतिसाद अल्प'. आश्रमशाळेच्या मुलांचं तर त्याहून कठीण. भामरागड-एटापल्लीकडच्या ज्या मुलांना वर्षभर नाश्त्यासकट सगळं वसतिगृहात मिळतं, ती एका दिवशी पेटी घेऊन गावी जातात आणि सगळंच थांबतं.

कोरोनात एकदा देशभर सुट्टीचा विचार झाला खरा. २०२० च्या उन्हाळ्यात सुट्टीतलाही आहार मंजूर झाला. पुढच्या वर्षी आपल्या राज्यात सुट्टीच्या ३५ दिवसांचे पैसे थेट मुलांच्या खात्यात द्यायचं ठरलं. पाचवीपर्यंत १५६ रुपये, सहावी ते आठवीला २३४. दिवसाला साडेचार रुपये! त्यासाठी मुलाचं बँकेत खातं हवं, आधार हवं. खातं उघडायला जाण्या-येण्यातच आईची मजुरी बुडते. पैशापेक्षा वाटीभर डाळ दिली असती तर बरं झालं असतं, असं माझं मत.

शेवटी कायद्याचं सांगते, कारण मूळ तिथे आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याचं पाचवं कलम मुलांबद्दल आहे. त्यात सहा महिने ते सहा वर्षांच्या बालकांना अंगणवाडीतून आहार सांगितला आहे, सुट्टीचा उल्लेख नाही. लगेच खाली सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना रोज एक जेवण सांगितलं आहे, पण शाळेच्या सुट्ट्या वगळून. अंगणवाडीचा हिशेब वर्षाला ३०० दिवसांचा असतो. म्हणजे सहावा वाढदिवस झाला की मुलाची मे महिन्यातली भूक कायद्याच्या बाहेर जाते.

आणि स्वयंपाक करणाऱ्या बायांनाही मानधन दहाच महिन्यांचं असतं. सुट्टीत त्या तेंदूवर जातात.

मला विचाराल तर नवी योजना, नवं नाव काही नको. अंगणवाडीची चूल मे महिन्यात पेटतेच. तिथे मोठ्या मुलांचा तांदूळ-डाळ वळती करावी, शाळेतल्याच बाईला दोन महिन्यांचं मानधन देऊन कामाला लावावं, आणि तेंदूच्या हंगामात एक पातेलं फळीवर पाठवावं. सध्या काय होतं, तर धाकट्या भावाला कडेवर घेऊन बहीण अंगणवाडीत येते, त्याला पंगतीत बसवते, आणि तो जेवेपर्यंत स्वतः दाराबाहेर उभी राहते. अंगणवाडीच्या ताई बहुतेकदा तिलाही हळूच काहीतरी देतात. नोंदवहीत तिचं नाव नसतं.