कण्हेरीचं गाव



ह्यूस्टनहून गॅल्व्हेस्टनकडे जाणाऱ्या ४५ नंबरच्या हायवेजवळ २०१८ साली आम्ही घर घेतलं. मागच्या कुंपणाला गुलाबी कण्हेरीची चांगली दहा फूट उंच रांग होती. मी मूळचा कोल्हापूरचा, म्हणजे करवीरचा, आणि संस्कृतात कण्हेरीला करवीरच म्हणतात. त्यामुळे मला तर घर घेताच शकुन झाल्यासारखं वाटलं. पुढं आई आली. दुसऱ्याच दिवशी सकाळी परडी भरून फुलं देवापुढं ठेवली आणि आमची दोन वर्षांची लेक त्यातलं एक फूल हातात घेऊन बसली.

शेजारच्या अमेरिकन आजीबाई कुंपणापलीकडून हे बघत होत्या. धावतच आल्या. फूल काढून घ्या, हात धुवा, हे झाड विषारी आहे! आई म्हणाली, "अरे, जन्मभर वाहिलीत मी ही फुलं." तेही खरंच. पण आपल्याकडेही कण्हेर विषारी आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, गुरं तोंड लावत नाहीत म्हणून तर कुंपणाला लावतात. फक्त ते ज्ञान अंगवळणी पडलेलं असतं, आणि विमानात बसताना ते तिथंच राहतं.

बायकोचा निकाल लगेच लागला : झाडं काढायची. मी वेळ मागून घेतला. कारण तासाभरावरच्या गॅल्व्हेस्टन बेटावर रस्त्याच्या मधोमध, शाळांजवळ, चर्चपुढं, जिकडं तिकडं कण्हेरच कण्हेर. त्या गावाला म्हणतातच कण्हेरींचं शहर. हे लोक वेडे आहेत की त्यांना काही वेगळं माहीत आहे?

गोष्ट सुरू होते १८४१ साली. जोसेफ ऑस्टरमन नावाचा व्यापारी जमैकाहून जहाजातून लाकडी पिंपात लावलेली कण्हेरीची रोपं घेऊन आला. त्यातली काही बायकोला, रोझाना ऑस्टरमनला दिली आणि काही मेहुण्याच्या बायकोला, इझाडोर डायर यांच्या पत्नीला. या डायरबाईंच्या अंगणात रोप फोफावलं, आणि त्यांनी शेजारणींना फांद्या वाटल्या. त्यांनी पुढं आपापल्या शेजारणींना. कण्हेरीची फांदी पाण्यात ठेवली तरी काही आठवड्यांत मुळं धरते, त्यामुळे नर्सरीची गरजच नाही. कढीलिंबाचं रोप आपण कसं एकमेकांकडं पोचवतो, अगदी तसं. गावानं आठवण ठेवली. दुहेरी गुलाबी फुलांच्या एका जातीचं नाव आजही 'मिसेस इझाडोर डायर' आहे.

मग ८ सप्टेंबर १९०० चं वादळ. बेटाचा सगळ्यात उंच भाग समुद्रसपाटीपासून नऊ फुटांहूनही कमी, आणि पाणी चढलं पंधरा फुटांवर. किमान सहा हजार माणसं गेली, साडेतीन हजारांवर घरं वाहून गेली. अमेरिकेच्या इतिहासात नैसर्गिक आपत्तीत याहून जास्त माणसं कधीच दगावलेली नाहीत.

यानंतर जे केलं ते इंजिनिअर म्हणून मला थक्क करतं. १९०२ साली सतरा फूट उंच समुद्रभिंतीचं काम सुरू झालं, आणि पाठोपाठ सगळं शहरच उचलायला घेतलं! दोन हजारांवर इमारती जॅक लावून वर उचलल्या. सेंट पॅट्रिक्स चर्च तीन हजार टनांचं, तेही सातशे जॅकवर पाच फूट चढलं. मग समुद्रातून उपसलेली वाळू पाण्यासकट पाइपानं त्याखाली सोडली. वर्षानुवर्षं लोक फळ्यांच्या उंच पुलांवरून ये-जा करत होते. (आपल्याकडं मेट्रोसाठी रस्ता खणला तर केवढी कुरकूर करतो आपण!)

पण या सगळ्यात बागा गाडल्या गेल्या. जी झाडं पुरात वाचली ती भरावाखाली मेली. उरली नुसती खारट करडी वाळू. १९०१ साली स्थापन झालेल्या विमेन्स हेल्थ प्रोटेक्टिव्ह असोसिएशन या बायकांच्या संस्थेनं ही वाळू हिरवी करायचं काम अंगावर घेतलं. हजारो झाडं लावली, त्यात कण्हेरी भरपूर. कारण सरळ होतं, ती जगत होती. मूळची ही कोरड्या पडणाऱ्या नदीपात्रांतली. पान चामड्यासारखं जाड, रंध्रं पानाच्या मागच्या बाजूला केसाळ खड्ड्यांत लपवलेली. खारा वारा, ऊन, दुष्काळ, सगळं चालतं. आणि विषामुळं जनावर खात नाही.

विषाचीही माहिती काढली. मुख्य नाव ओलिअँड्रिन. डिजॉक्सिन या हृदयाच्या औषधासारखंच ते पेशींचा सोडियम-पोटॅशियम पंप बंद पाडतं, ठोके मंदावतात, बिघडतात. पान, फूल, काडी सगळं विषारी, वाळल्यावरही, आणि जाळल्यावरचा धूरसुद्धा. फांदी ठेवलेलं पाणीही पोराबाळांच्या किंवा कुत्र्याच्या हाती लागू देऊ नये. मात्र कण्हेरीच्या काडीवर मांस भाजून माणसं मेल्याची गोष्ट, जी स्पेनमध्ये नेपोलियनच्या सैनिकांची म्हणून सांगतात आणि इथं स्काउटच्या मुलांची म्हणून, तिला आधार सापडत नाही. २००९ साली छापलेल्या एका प्रयोगात अशा सॉसेजमध्ये विष नगण्य निघालं. (म्हणून कुणी करून बघू नका.) इथं पॉयझन कंट्रोलचा नंबर १-८००-२२२-१२२२, तो फ्रिजवर चिकटवलाय.

हे सगळं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, इतिहास ठीक आहे, पण पोरगी तुझी आहे. शेवटी मधे जाळीचं कुंपण घातलं, छाटणी फक्त मी करायची, हातमोजे घालून, काड्या जाळायच्या नाहीत. आईनं जास्वंद लावली.

फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सास गोठलं, वीज गेली, नळ फुटले, ते आठवत असेलच. महिन्याभरात सगळी रांग तपकिरी पडली. बायको म्हणाली, आता आयतीच मेलीत, मुळं काढायला माणूस बोलावू. मी म्हटलं, मे महिन्यापर्यंत थांब. तिला गॅल्व्हेस्टनच्या ब्रॉडवेवरचे ओक वृक्ष आठवत होते. १९०० च्या वादळानंतर लावलेले, २००८ च्या आइक वादळात खाऱ्या पाण्यानं मेले, आणि आता त्यांच्या बुंध्यांतून कोरलेल्या मूर्ती उभ्या आहेत. त्याच खाऱ्या पाण्यातून कितीतरी कण्हेरी मात्र बुडापासून पुन्हा फुटल्या होत्या.

मी सगळ्या फांद्या जमिनीपासून फूटभरावर कापल्या. एप्रिलच्या शेवटी बुडाशी लालसर कोंब दिसले. लेक तेव्हा पाच वर्षांची, जाळीबाहेर उभी राहून तिनं मोजले, सतरा. पुढच्या शनिवारी मी मेलेले खुंट काढायला निघालो तर बायकोनं काही न बोलता हातमोजे आणून दिले.