पाळीवरून दिसणारा इतिहास

बेट, किनारा आणि इतिहास हे तीन शब्द एकत्र आले की आपल्या डोळ्यांपुढे ग्रीस उभा राहतो. निळा समुद्र, पांढरी घरे, पडक्या मंदिरांचे खांब. आम्हा कुडव्याच्या माणसांपासून समुद्र शेकडो कोस दूर. गोंदिया शहराला लागून असलेल्या आमच्या गावाभोवती आहेत त्या धानाच्या बांध्या, बोड्या आणि तलाव. तरीही बेट, किनारा आणि इतिहास हे तिन्ही आमच्या जिल्ह्यात एकाच ठिकाणी सापडतात. ते ठिकाण म्हणजे गोंदियाच्या दक्षिणेला सुमारे ६५ किलोमीटरवर असलेले नवेगावबांध.

डोंगरांच्या कुशीत सुमारे ११ चौरस किलोमीटर पसरलेले हे पाणी. त्याच्या मध्यात मालडोंगरी नावाचे बेट आहे. ईदच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुलाबाळांना घेऊन तिकडे जाण्याची चाल आमच्याकडच्या अनेक घरांत आहे. डबे उघडतात, मुले पाण्याकडे धावतात आणि कोणीतरी म्हणतोच, 'अल्लाची काय कुदरत आहे!' ते खोटे नाही. पण या कुदरतीत माणसाच्या घामाचाही मोठा वाटा आहे, आणि तो आपण विसरत चाललो आहोत.

हा तलाव निसर्गाने दिलेला नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी याने तो बांधला असे सांगितले जाते. भोवतालच्या शिखरांना सातबहिणी म्हणतात. बांध पुरा करायला या बहिणींनी कोलूला मदत केली, अशी लोककथा आहे. पुढे लोकांनी कोलूला कोलासुर म्हणून देवपण दिले आणि डोंगरावर त्याचे ठाणे केले. राजाची समाधी आणि सेनापतीची छत्री सगळीकडे असते. तलाव बांधणाऱ्याचा देव झाला, असे उदाहरण मात्र विरळाच.

चांद्याच्या एका गोंड राजाने काशीहून परतताना आपल्याला येथे आणले, अशी कोहळी समाजाची परंपरा सांगते. परंपरेत इतिहास किती आणि आठवण किती हा वाद अभ्यासकांनी करावा. या लोकांची विद्या मात्र आजही डोळ्यांना दिसते. दोन टेकड्यांमधली नेमकी जागा हेरून त्यांनी मातीची पाळ घातली, जादा पाण्यासाठी सांडवा ठेवला. वरच्या तलावातून सांडलेले पाणी खालच्या तलावात आणि तिथून बोडीत जावे, अशी मांडणी केली. आमच्याकडे पाऊस भरपूर पडतो, पण तो धानाला विचारून पडत नाही. रोवणी झाल्यावर त्याने दडी मारली किंवा लोंब भरताना पाठ फिरवली, तर हातचे पीक जाते. ती दोन-तीन आठवड्यांची गरज भागवण्यासाठी हे तलाव होते. म्हणून पूर्वीच्या भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणत. १ मे १९९९ रोजी त्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा झाला आणि तलावांचीही वाटणी झाली.

इंग्रजी अमलात गावे मालगुजारांकडे गेली आणि त्यांच्याबरोबर तलावही. या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पाळीवर माती टाकणारे हात एकाचे आणि सारा गोळा करणारे दुसऱ्याचे, हे सत्य आहे. पण गाळ कधी काढायचा, पाळ कधी डागडुजायची, पाणी आधी कोणाच्या बांधीत सोडायचे, याची काही रीत होती. १९५० च्या कायद्याने मालगुजारी रद्द झाली आणि १९५१ पासून तलाव सरकारचे झाले. अन्यायाची एक व्यवस्था गेली, हे योग्यच झाले. तिच्याबरोबर राखणीची रीतही गेली, हे मात्र वाईट झाले. जे सर्वांचे, ते कोणाचेच नाही, अशी गत झाली. या तलावांना आज 'मामा तलाव' म्हणतात. 'मामा' म्हणजे माजी मालगुजारी. नाव नात्याचे आहे, पण भाचे मामाकडे पाहत नाहीत. अनेक तलाव गाळाने उथळ झाले, काहींवर अतिक्रमण झाले, काहींत बेशरमाचे रान माजले.

याची किंमत पाखरांनीही मोजली. सारस पक्षी आज महाराष्ट्रात जवळजवळ आमच्याच भागात उरला आहे आणि त्याची संख्या पन्नासच्याही आत आहे. तो उथळ पाण्यात आणि धानाच्या बांधीत घरटे करतो, म्हणजे शेतकऱ्याच्या मर्जीवर जगतो. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्या रक्षणाची स्वतःहून दखल घेतली.

नवेगावचे रान १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आले. मारुती चितमपल्ली यांनी 'नवेगावबांधचे दिवस' लिहून हे पाणी मराठी वाचकाच्या घरात पोहोचवले. येथील पक्षी अभयारण्याला डॉ. सालिम अली यांचे नाव आहे. मुंबईच्या बोहरा कुटुंबातला हा पोरका मुलगा लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारी. एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, तेव्हा ती कोणती हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि त्या एका प्रश्नाने त्याचे आयुष्य बदलले. मारण्यापासून जाणण्यापर्यंतचा हा प्रवास प्रत्येक पर्यटकाने करावा असा आहे.

ग्रीसकडे पाहायचे तर ते यासाठी पाहावे. गोंदिया जिल्हा झाला त्याच १९९९ साली झाकिन्थॉस बेटावर समुद्री कासवांसाठी राष्ट्रीय सागरी उद्यान स्थापन झाले. ज्या वाळूत कासविणी अंडी घालतात, तिथे रात्री माणसाला बंदी आहे आणि बोटींच्या वेगाला मर्यादा आहे. तरीही पर्यटक तिथे जातातच. उलट सँटोरिनीवर गर्दी एवढी वाढली, की २०२५ पासून सरकारने जहाजाने येणाऱ्यांवर कर बसवला. एका बेटाने आधी मर्यादा घातली, दुसऱ्याला ती गर्दीनंतर घालावी लागली. आमच्या पाण्याने कोणता मार्ग धरावा, हे ठरवण्याची वेळ अजून गेलेली नाही.

आमच्याच मातीतही धडे आहेत. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर समाजाच्या स्त्री-पुरुषांनी काही तलावांतले बेशरम उपटून गावच्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या, म्हणजे मासळीला थारा मिळेल आणि पाखरांनाही. त्याच तालुक्यातल्या प्रतापगडावर महादेवाचे स्थान आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांच्या नावाचा दर्गाही. महाशिवरात्रीला तिथे माणसांचा पूर येतो. यात्रेकरू जागेपुढे डोके झुकवतो, पर्यटक मात्र जागेने आपल्यापुढे झुकावे अशी अपेक्षा करतो. फरक एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे.

नवेगावला अवश्य जावे. पाळीवर उभे राहून तिचा इतिहास मुलांना सांगावा. जेवण गावातल्या माणसाकडे घ्यावे, वाटाड्या गावचाच करावा, म्हणजे पाणी राखण्यात त्याचा फायदा राहील. भोंगा वाजवू नये, आणलेले प्लास्टिक परत न्यावे, घरट्याच्या फोटोसाठी सारसाला उडवू नये. आपल्या दीनमध्ये वाहत्या नदीकाठीही वुजूचे पाणी उधळू नये अशी शिकवण आहे. हातांनी बांधलेल्या, साचवलेल्या पाण्याबाबत तर ती कितीतरी अधिक लागू पडते. कोलूने पाळ बांधली ती तीनशे वर्षे टिकली, कारण प्रत्येक पिढीतल्या कोणीतरी तिच्यावर पाटीभर माती टाकली. आता पाटी आपल्या हातात आहे.