तळटीप : तळियेची दरड
तळिये (ता. महाड) : २२ जुलै २०२१ रोजी इथली कोंढाळकरवाडी दरडीखाली गेली, ऐंशीहून अधिक माणसे दगावली. हिमालयात उतारावरचा बर्फाचा थर सुटतो, तसा इथे कातळावरचा माती-मुरमाचा थर सुटला. पाणी मुरत गेले की मातीचे वजन वाढते आणि कणांची एकमेकांवरची पकड ढिली होते. वाडी पिढ्यान्‌पिढ्या तिथेच होती, मग उतार धोक्याचा कसा, असे विचारले जाते. पण आजवर न घसरणे हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे, या भागातले असे उतार कधीही सुटू शकतात : त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीवर दरडी आल्या, जुलै २००५मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांनी तेच भोगले होते. म्हणून एरवी नितळ असणारा झरा अचानक गढुळला, अंगणाला भेग गेली, तर भर पावसातही वाडी रिकामी करावी.