शांबरी विद्येचा नवा खेळ



माझ्या लहानपणीं उमरखेडच्या आठवडी बाजारांत एक पेटीवाला येत असे. तिपाईवर ठेवलेली रंगीत पत्र्याची पेटी, तिला गोल भिंगें, आणि वर घुंगरें. पैसे दिले म्हणजे भिंगाला डोळा लावावयाचा, आणि आंत ताजमहाल, दिल्लीचा किल्ला, मुंबईचें बोरीबंदर हीं चित्रें एकामागून एक सरकावयाचीं. डोळा पेटींत असला तरी कान बाजारांतच असत. बैलांच्या गळ्यांतल्या घंटा, मिरची विकणारीची हांक आणि पेटीवाल्याचें गाणें हीं सारीं त्या ताजमहालावरून वाहत जात. एकदां मीं मध्येंच डोळा काढून समोर पाहिलें. बाजारांत ताजमहाल नेमका कोठें उभा आहे, हें मला पाहावयाचें होतें. तो कोठेंच नव्हता. आज ज्या विद्येविषयीं बोलावयाचें आहे, ती जणूं त्या निराशेवर उपाय म्हणून निघाली.

ह्या विद्येस इंग्रजींत ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणतात. मराठींत 'संवर्धित वास्तव' असें नांव तिला देतात. नांव जड आहे, गोष्ट सोपी आहे. पेटींतलें चित्र पाहण्यासाठीं बाजार डोळ्याआड करावा लागे; येथें बाजार दिसत असतांनाच त्यावर चित्र बसवावयाचें असतें.

तिचें मूळ शोधूं गेल्यास संगणकाच्या पुष्कळ मागें जावें लागतें. २४ डिसेंबर १८६२ रोजीं लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेंत डिकन्सच्या एका भुताच्या कथेचा प्रयोग झाला. हेन्री डर्क्स ह्यांची कल्पना जॉन हेन्री पेपर ह्यांनीं रंगभूमीस जुळवून घेतली होती. रंगमंचावर मोठी स्वच्छ काच तिरपी उभी केलेली. प्रेक्षकांस न दिसणाऱ्या खड्ड्यांत एक नट आणि त्यावर प्रखर प्रकाश. प्रेक्षकांना काचेंतून खरा नट दिसे आणि त्याच काचेवर भुताचें प्रतिबिंबहि दिसे. तिन्हीसांजेस आगगाडीच्या खिडकींत आपलाच चेहरा बाहेरच्या शेतांवर तरंगतांना आपणांपैकीं बहुतेकांनीं पाहिला असेल. पेपरचें भूत तें हेंच.

त्यानंतर तीस वर्षांनीं, १८९२ मध्यें, आपल्या कल्याणांत महादेव गोपाळ पटवर्धन ह्यांनीं 'शांबरिक खरोलिका' उभी केली. शंबर हा मायावी असुर. त्याची ती शांबरी विद्या. मॅजिक लँटर्नला दिलेलें हें देशी नांव मला फार समर्पक वाटतें. काचेवर हातानें रंगविलेलीं चित्रें, त्यांमागें दिवा, पुढें भिंग. रामायण-महाभारतांतील प्रसंग आणि सर्कशींतील कसरती काचा भराभर बदलून अशा दाखवीत कीं, चित्र हलल्याचा भास व्हावा. पडद्यापाशीं निवेदन आणि गाणीं चालत. काटेकोरपणें बोलावयाचें तर हें संवर्धित वास्तव नव्हे. चित्र पडद्यावर होतें, बाजारांत नव्हतें. परंतु एका बाबतींत हा खेळ आजच्या यंत्रांच्या पुढें होता असें मी म्हणेन. माया दाखविणारा मनुष्य तेथेंच उभा असे. प्रेक्षकास त्याचें नांव ठाऊक असे, आणि चित्र न आवडल्यास तोंडावर सांगतां येत असे.

खरी नवी वाट १९६८ मध्यें अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठांत फुटली. आयव्हन सदरलंड आणि त्यांचे सहकारी बॉब स्प्राउल ह्यांनीं डोक्यावर चढवावयाचें एक यंत्र केलें. दोन्ही डोळ्यांपुढें अर्धपारदर्शक भिंगें, कडेला दोन चिमुकल्या चित्रनलिका, आणि डोकें कोठें वळलें तें मोजणारा छताला जोडलेला दांडा. डोक्यावरचा तो टांगता भार पाहून त्यास डॅमोक्लीसच्या तलवारीचें नांव पडलें. दिसत असे तें एवढेंच : खोलींत अधांतरीं तरंगणारा, नुसत्या रेषांचा एक घन. पण मान वळविली तरी तो घन जागा सोडीत नसे. बाजूस सरकलें कीं त्याची दुसरी बाजू दिसे. पेपरच्या भुतास स्वतःची जागा नव्हती. ह्या घनास होती. माझ्या मतें ह्या विद्येचा जन्म त्या क्षणींच झाला.

पुढें मायरन क्रूगर ह्यांनीं १९७५ च्या सुमारास 'व्हिडिओप्लेस' नांवाची रचना केली. वेगवेगळ्या खोल्यांतील माणसांच्या छाया एकाच पडद्यावर आणून त्या एकमेकींशीं खेळत. अंगावर कांहींहि बांधावें लागत नसे. नांव मात्र कारखान्यानें दिलें : बोइंग कंपनींतील टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल ह्यांनीं विमानांतील तारांची जोडणी करणाऱ्या कामगारास आकृती थेट कामाच्या फळीवरच दिसावी असा विचार केला, आणि १९९२ च्या त्यांच्या निबंधानें तें नांव रुजलें. १९९९ मध्यें हिरोकाझू काटो ह्यांच्या साधनानें कागदावरच्या काळ्या चौकोनावर चित्र उभें करणें सर्वांस सोपें झालें.

दहा वर्षांनीं, २००९ मध्यें, मुंबईच्या पवई येथील आय.आय.टी.मध्यें शिकलेले प्रणव मिस्त्री ह्यांनीं अमेरिकेंतील एम.आय.टी.मध्यें 'सिक्स्थ सेन्स' दाखविला. गळ्यांत कॅमेरा आणि छोटा प्रक्षेपक, बोटांवर रंगीत टोप्या. मनगटावर बोटानें वर्तुळ काढलें कीं तेथें घड्याळ उमटे. ह्यांत मला पटवर्धनांचा कंदील दिसतो. फरक इतकाच कीं आतां पडदा म्हणजे आपलें शरीर.

मग एक अवघड प्रश्न उभा राहिला. दुसऱ्याच्या भिंतीवर कोणीं काय लावावें? ऑक्टोबर २०१० मध्यें सँडर व्हीनहोफ आणि मार्क स्क्वारेक ह्या कलावंतांनीं न्यूयॉर्कच्या आधुनिक कला-संग्रहालयांत, परवानगी न घेतां, अदृश्य प्रदर्शन भरविलें. फोन धरला म्हणजेच तें दिसे. पहारेकऱ्यांनीं अडवावें असें कांहींच आंत गेलें नव्हतें. ही चतुराई मला मनापासून आवडते. परंतु २०१६ मध्यें 'पोकेमॉन गो' हा खेळ आला आणि प्रार्थनास्थळांत त्या खेळांतील अंडीं सांपडतात म्हणून गुजरात उच्च न्यायालयांत अर्ज झाला, तेव्हां त्याच चतुराईची दुसरी बाजू दिसली. संग्रहालयांत दोघे कलावंत होते. येथें चित्र ठेवणारा समोर नव्हता.

आपल्याकडे ह्या विद्येचा मोलाचा उपयोग मुंबईंत झाला. दिल्लींत डिसेंबर २०१२ मध्यें एका तरुणीवर झालेल्या अत्याचारानंतर राम देविनेनी ह्यांनीं 'प्रियाज शक्ती' ही चित्रकथा रचली. अत्याचारांतून वांचलेली प्रिया हीच तिची नायिका. ती २०१४ मध्यें प्रसिद्ध झाली आणि मुंबईच्या भिंतींवर तिचीं चित्रें रंगविलीं गेलीं. फोन भिंतीकडे धरला कीं चित्रांतून आणखी चित्रें आणि आवाज निघत. जी गोष्ट घरांत बोलतां येत नाहीं, ती रस्त्याच्या भिंतीनें बोलावी, ह्यांत केवळ चमत्कार नव्हता.

त्या भिंतीस वाचा देणारें साधन ब्लिपार नांवाच्या ब्रिटिश कंपनीचें होतें. ती कंपनी डिसेंबर २०१८ मध्यें आर्थिक अडचणींत येऊन प्रशासकाच्या हातीं गेली, आणि पुढें तिची मालमत्ता दुसऱ्यानें घेतली. काटो ह्यांचें साधन विकत घेणारी डाक्री कंपनी २०१९ मध्यें बंद झाली. अशा वेळीं भिंतीवरचा रंग राहतो. त्यांतला आवाज राहील कीं नाहीं, हें दूरच्या कोणाच्या हिशेबावर ठरतें. उलट पटवर्धनांच्या काचा पाहा. शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं, तरी त्यांतील कित्येक शिल्लक आहेत; मागें दिवा धरला तर त्या आजहि आपलें चित्र दाखवितील.

उमरखेडहून पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा फार दूर नाहीं. श्रावणांत तेथें पाण्याच्या गर्जनेपुढें बोलणें ऐकूं येत नाहीं. वैशाखांत काळा खडक उघडा पडतो. त्या उघड्या खडकावर फोन धरून श्रावणाचा प्रवाह दाखविणारा कोणी तरुण एके दिवशीं आपल्याच तालुक्यांतून निघेल, ह्याविषयीं मला शंका नाहीं. तो भेटला तर मी त्यास एवढेंच विचारीन : हें पाणी तूं कोठें सांठवून ठेविलें आहेस, आणि त्या जागेची किल्ली कोणाजवळ आहे?