संसदेतला प्रश्न : ग्विनव्हॉर इव्हान्स यांची गोष्ट

संसदेत विचारलेला लेखी प्रश्न हा कोणी वाङ्मयप्रकार मानत नाही. त्याला अलंकार नाहीत, निवेदक नाही आणि श्रोताही नाही. चार ओळींचा मजकूर सचिवालयात जातो आणि काही दिवसांनी तितकेच रूक्ष उत्तर कार्यवृत्ताच्या जाड खंडात छापून येते. तरीही भाषेचा उपयोग सत्तेसमोर कसा केला जातो, हा ज्यांच्या अभ्यासाचा विषय आहे त्यांनी या प्रकाराकडे एकदा तरी नीट पाहावे असे आम्हांला वाटते. त्यासाठी उदाहरण निवडायचे तर वेल्समधील कारमार्दन या ग्रामीण मतदारसंघाचे खासदार ग्विनव्हॉर इव्हान्स यांचे निवडावे. १९६६ साली ते ब्रिटिश लोकसभेत गेले तेव्हा ६३० सदस्यांच्या त्या सभागृहात त्यांच्या पक्षाचा दुसरा एकही सभासद नव्हता. पहिल्या वर्षभरात त्यांनी सहाशेहून अधिक प्रश्न विचारले.

ग्विनव्हॉर यांचा जन्म १९१२ सालचा, दक्षिण वेल्समधील बॅरी या बंदराच्या गावातला. वडील दुकानदार, घरातली भाषा इंग्रजी. वेल्श त्यांनी वाढत्या वयात प्रयत्नपूर्वक आत्मसात केली. ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. कारण मातृभाषेचा म्हणून जो अभिमान सांगितला जातो तो त्यांच्या वाट्याला जन्माने आलेला नव्हता. अ‍ॅबरिस्टविथ आणि ऑक्सफर्ड येथे कायद्याचे शिक्षण घेऊनही त्यांनी वकिली केली नाही. लँगाडॉग या खेड्यात जमीन घेऊन ते टोमॅटोची शेती करू लागले. दुसऱ्या महायुद्धात शांततावादी म्हणून त्यांनी शस्त्र धरण्यास नकार दिला. युद्ध संपले त्या १९४५ सालीच ते 'प्लाइड कम्री' या वेल्श राष्ट्रीय पक्षाचे अध्यक्ष झाले आणि १९८१ पर्यंत त्या पदावर राहिले. पुढे काउंटी कौन्सिलमध्येही त्यांनी अनेक वर्षे काम केले. रस्ते, शाळा, दुधाचे भाव यांची भाषा त्यांना तेथे कळली असावी.

पण ज्या प्रकरणाने त्यांचे राजकारण घडवले ते ट्रवेरिन खोऱ्याचे. लिव्हरपूल शहराला पाणी हवे होते. त्यासाठी उत्तर वेल्समधील ट्रवेरिन नदीवर धरण बांधून कापेल केलिन हे गाव बुडवायचे असे त्या महानगरपालिकेने ठरवले. गाव लहानसेच : एक प्रार्थनामंदिर, एक शाळा, टपालकचेरी, मूठभर घरे आणि शेते. मात्र तेथला सगळा व्यवहार वेल्शमध्ये चालत असे. नोव्हेंबर १९५६ मध्ये ग्विनव्हॉर लिव्हरपूलच्या नगरसभेत बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांना बाहेर काढण्यात आले. त्याच महिन्यात गावकरी लेकरांबाळांसह त्या शहराच्या रस्त्यांतून मोर्चाने चालले. १९५७ मध्ये संसदेने विधेयक संमत केले. वेल्सच्या जवळजवळ सर्व खासदारांचा त्याला विरोध होता, तरीही. मराठी वाचकाला येथे १९२१ चा मुळशी सत्याग्रह आणि सेनापती बापट आठवल्याशिवाय राहणार नाहीत. लोकशाहीत बहुमताचा निर्णय मान्य करायचा असतो हे खरे. परंतु कोणाच्या बहुमताचा, हा प्रश्न ट्रवेरिनने वेल्श माणसासमोर उघडा टाकला. १९६५ च्या ऑक्टोबरात धरणाचे उद्‌घाटन झाले. गाव पाण्याखाली गेले.

पुढच्याच वर्षी कारमार्दनच्या खासदार मेगन लॉइड जॉर्ज यांचे निधन झाले आणि पोटनिवडणूक लागली. त्याच वर्षी मार्चमध्ये झालेल्या सार्वत्रिक निवडणुकीत ग्विनव्हॉर येथेच तिसऱ्या क्रमांकावर राहिले होते. १४ जुलै १९६६ रोजी मात्र त्यांना १६,१७९ मते मिळाली आणि मजूर पक्षाचे उमेदवार २,४३६ मतांनी मागे पडले. प्लाइड कम्रीचा हा संसदेतला पहिला विजय. कारमार्दन या नावाशी साहित्याच्या अभ्यासकांची जुनी ओळख असते. वेल्श काव्याच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांपैकी एक, तेराव्या शतकातला 'कारमार्दनचा काळा ग्रंथ', येथलाच. १९६१ च्या जनगणनेत संपूर्ण वेल्समध्ये वेल्श बोलणारे सुमारे २६ टक्के उरले होते. या काउंटीत मात्र ते अजून तीन चतुर्थांशाच्या आसपास होते.

आपल्या मतदारांच्या या भाषेत शपथ घेण्याची परवानगी त्यांनी मागितली. सभापतींनी ती नाकारली. येथे आपल्या राज्यघटनेतील १२० वे कलम आठवते. हिंदी वा इंग्रजीत पुरेसे व्यक्त होता येत नसेल, तर सभापतींच्या अनुज्ञेने सदस्याला मातृभाषेत बोलता येते. तरतूद उदार खरी, पण तिच्या पोटात एक गृहीत आहे : मातृभाषा ही अडचणीत सापडलेल्याची सोय. ग्विनव्हॉर या कलमाच्या कक्षेत बसलेच नसते, कारण त्यांचे इंग्रजी उत्तम होते आणि वेल्श ही त्यांची मातृभाषाही नव्हती. येत नाही म्हणून नव्हे, येते तरीही वेल्शमध्ये बोलायचे, असा त्यांचा आग्रह होता. १९६७ च्या वेल्श भाषा कायद्याने वेल्समधील न्यायालयांत वेल्श बोलण्याचा अधिकार दिला. वेल्श माणसाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जी भाषा मिळाली ती त्याच्या प्रतिनिधीला संसदेत मिळाली नाही. आज तेथे इंग्रजीबरोबर वेल्शमध्येही शपथ घेता येते. सभागृहातील चर्चा मात्र अद्याप इंग्रजीतच चालते.

तेव्हा जे काही बोलायचे ते इंग्रजीत आणि तेही एकट्याने. चर्चेतला वेळ पक्षांच्या संख्याबळानुसार वाटला जातो. एकट्या सदस्याच्या वाट्याला त्यातून फारसे काही येत नाही. वेल्समधील मजूर पक्षाचे खासदार तर त्यांच्याशी उघड वैराने वागत. लेखी प्रश्नांना मात्र अशी मर्यादा नव्हती आणि ग्विनव्हॉर यांनी ती फट हेरली. वेल्समधील बेकारी, रस्ते, रेल्वे, शेती, शाळा यांविषयी ते खात्यामागून खात्याला विचारत राहिले. छोट्या रेल्वेमार्गांवर तेव्हा कुऱ्हाड चालत होती. कारमार्दनहून अ‍ॅबरिस्टविथला जाणारी प्रवासी गाडी १९६५ मध्येच बंद पडली होती. लँगाडॉगवरून जाणारा मार्ग टिकला, तो अनेक अटीतटीच्या मतदारसंघांतून जातो म्हणून टिकला, असे तेथे विनोदाने सांगतात.

या प्रश्नांना बरेचदा असे उत्तर मिळे की वेल्सची स्वतंत्र आकडेवारी उपलब्ध नाही. उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याला ही पळवाट वाटली असेल. आमच्या मते त्या साऱ्या खटाटोपाचे खरे फळ तेच होते. शासनाने ज्याची नोंदच ठेवली नाही, त्याच्यावर अन्याय झाल्याचे सिद्ध करता येत नाही. आणि नोंद नाही हे शासनाच्याच तोंडून वदवून घेणे हे प्रभावी भाषणापेक्षा अवघड काम आहे. ग्विनव्हॉर हे काही फर्डे वक्ते नव्हते. त्यांना बहुधा वक्तृत्वाची गरजही पडली नसती.

आणि हेच खासदार व्हिएतनामविषयीही बोलत होते. जानेवारी १९६८ मध्ये शांततावाद्यांच्या एका गटाबरोबर ते उत्तर व्हिएतनामकडे निघाले. अमेरिकी बाँबफेकीच्या छायेत तेथील लोकांसमवेत उभे राहायचे, असा त्या गटाचा बेत होता. हनोईने प्रवेशपत्रे दिली नाहीत. कंबोडियातील नॉम पेन्हपर्यंत जाऊन ग्विनव्हॉर परतले. विरोधकांनी टिंगल केली. मतदारसंघातही कुरबूर झाली. आमच्या दुधाचे बोलायचे सोडून हे गृहस्थ आशियात कशाला गेले, असे शेतकऱ्याने विचारले तर त्यात गैर काय?

या आक्षेपात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण ट्रवेरिनकडून आलेल्या माणसाला हे दोन विषय वेगळे दिसणे कठीण होते. दूरच्या राजधानीत नकाशावर रेघ ओढली जाते आणि एखादे खेडे नाहीसे होते. एके ठिकाणी ते पाण्याने होते, दुसऱ्या ठिकाणी आगीने. दोन्हींची तीव्रता एक नव्हे, हे उघड आहे. ट्रवेरिनमध्ये कोणाचा जीव घेतला गेला नाही. तथापि निर्णयाची रीत त्यांना ओळखीची वाटली असल्यास नवल नाही. सर्वसाधारण समजूत अशी असते की खासदार आधी गावचा असतो आणि मोठा झाला की जगाचा होतो. ग्विनव्हॉर यांच्या बाबतीत अशी पायरी दिसत नाही. त्यांचा शांततावाद त्यांच्या खासदारकीपेक्षा पंचवीस-तीस वर्षांनी जुना होता.

त्यांच्यावर दुसऱ्या बाजूनेही टीका होत होती आणि ती आम्हांला अधिक गंभीर वाटते. पक्षाचे एक संस्थापक, नाटककार सॉन्डर्स लुइस यांनी १९६२ मध्ये 'भाषेची नियती' हे गाजलेले रेडिओ व्याख्यान दिले. भाषा वाचवणे हे स्वराज्यापेक्षाही तातडीचे काम आहे आणि त्यासाठी चळवळ हवी, असा त्याचा रोख होता. वेस्टमिन्स्टरच्या वाटेवर त्यांचा विश्वास नव्हता. तरुणांनी हे मनावर घेऊन वेल्श भाषा संघटना स्थापली. इंग्रजी पाट्या रंगवल्या, तुरुंगवास पत्करला. ट्रवेरिनच्या बांधकामावर स्फोटही झाले. हिंसेला ठाम विरोध असलेले ग्विनव्हॉर या तरुणांना मवाळ वाटले आणि लंडनला अतिरेकी. १९७० मध्ये ते हरले. फेब्रुवारी १९७४ मध्ये पुन्हा हरले, अवघ्या तीन मतांनी. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते निवडून आले, या वेळी आणखी दोन सहकाऱ्यांसह.

या तिघांच्या हातून झालेले एक काम फारसे सांगितले जात नाही. उत्तर वेल्समधील स्लेटच्या खाणींत पाटीचा दगड फोडणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसांत धूळ बसे. त्यांना नुकसानभरपाई देणारा कायदा करण्याच्या बोलीवर मार्च १९७९ मध्ये तिघांनी कॅलॅहन सरकारच्या बाजूने मत दिले. सरकार ३११ विरुद्ध ३१० असे एका मताने पडले. कायदा मात्र संसद विसर्जित होण्यापूर्वी झाला. या खाणी कारमार्दनमधल्या नव्हत्या. ग्विनव्हॉर यांच्या मतदारांना त्यातून फारसे काही मिळणार नव्हते आणि मे महिन्यातल्या निवडणुकीत ते पुन्हा पराभूत झाले.

खासदारकी गेल्यानंतर त्यांना मिळालेले यश सर्वांत मोठे ठरले, हे सॉन्डर्स लुइस यांच्या बाजूचे प्रमाण मानायचे काय? वेल्श दूरचित्रवाहिनीचे निवडणुकीतले आश्वासन नव्या सरकारने मोडले तेव्हा ६ ऑक्टोबर १९८० पासून आमरण उपोषण करू असे ग्विनव्हॉर यांनी जाहीर केले. १७ सप्टेंबरला, म्हणजे उपोषण सुरू होण्यापूर्वीच, सरकार नमले. १ नोव्हेंबर १९८२ रोजी वाहिनी सुरू झाली. तरीही आम्हांला असे वाटते की त्या धमकीला जे वजन आले ते केवळ उपोषणाचे नव्हते. हा माणूस अत्यंत कंटाळवाणी कामेही शेवटपर्यंत नेतो, याचा अनुभव व्हाइटहॉलमधल्या खात्यांनी सहाशे वेळा घेतला होता.

ग्विनव्हॉर इव्हान्स २१ एप्रिल २००५ रोजी वारले. ट्रवेरिनबद्दल लिव्हरपूलच्या नगरसभेने जाहीर माफी मागितली ती त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात.