बोर्डिंग, तालीम आणि सात हजार रुपये

कोल्हापुरात शिकायला आलेल्या खेड्यातल्या पोराला एकेकाळी दोन ठिकाणं माहीत असावी लागत: बोर्डिंग आणि तालीम. दोन्हींना आधार एकाच माणसाचा होता. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं. पाठोपाठ जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य अशा एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी राहिली. याच महाराजांच्या कारकिर्दीत १९१२ साली कुस्तीचं खासबाग मैदान बांधून पुरं झालं. मधोमध लाल मातीचा हौदा आणि भोवती उतरती बैठक, म्हणजे पार मागं बसलेल्यालाही पठ्ठ्याची पकड दिसावी.

पण या दोन घरांचं एकमेकांशी फारसं जमत नसे. तालीम पहाटे चारला जागी व्हायची. आधी खोऱ्यानं हौदा उकरायचा, माती भुसभुशीत करायची. ती मातीही साधी नव्हे. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर जिरवलेला. मग जोर, बैठका, वस्तादांसमोर लढत. एवढं आटोपून अंगाची माती धुऊन पोरगं वर्गात बसलं की दुसऱ्या तासाला डोळे मिटणारच. ‘पैलवानाची अक्कल गुडघ्यात’ हा टोमणा त्या डुलक्यांनीच पोसला असणार. आणि तालमीतल्या जुन्या जाणत्यांना पुस्तकात डोकं घालणारा पठ्ठ्या म्हणजे अर्धवट काम वाटे. परीक्षा आणि जत्रांची मैदानं नेमकी एकाच हंगामात, ही आणखी एक पंचाईत.

या ओढाताणीतून पार झालेलं सगळ्यांत ठळक नाव खाशाबा दादासाहेब जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचा, १५ जानेवारी १९२६ चा जन्म. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकून, बेचाळीसच्या चळवळीतही भाग घेऊन हा मुलगा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आला. अंगानं किरकोळ. कॉलेजच्या स्पर्धेत नाव द्यायला गेला तेव्हा खेळाच्या शिक्षकांनी त्याची शरीरयष्टी बघूनच नकार दिला, अशी आठवण सांगतात. तो थेट प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकरांकडे गेला. त्यांनी परवानगी दिली आणि खाशाबांनी आपल्याहून दांडगे गडी एकामागून एक लोळवले.

त्यांचा हुकमी डाव ढाक. प्रतिस्पर्ध्याचं डोकं काखेत जखडायचं आणि क्षणात कंबर फिरवून त्याला जमिनीवर आणायचं. यात ताकदीपेक्षा वेळ साधणं महत्त्वाचं, म्हणून हलक्या पोराला तो शोभतो.

१९४८ ला लंडन ऑलिंपिकला जायचा खर्च कोल्हापूरच्या तेव्हाच्या महाराजांनी केला. तिथं खरी अडचण गादीची निघाली. मातीत रुतून उभं राहायची सवय झालेला पाय मॅटवर वेगळंच वागतो, आणि नियमही निराळे. तिथं अमेरिकेच्या रीस गार्डनर यांनी त्यांना तयार केलं. फ्लायवेट गटात बावीस वर्षांचा हा विद्यार्थी सहावा आला. आजच्या भाषेत हे अपयश नव्हे, पण परत आल्यावर खाशाबांनी सराव वाढवला तो जणू नापास झाल्यासारखा.

पुढचं ऑलिंपिक हेलसिंकीला, १९५२ साली. या वेळी पैशाचा प्रश्न आला. गावानं वर्गणी काढली, दारोदार फिरणं झालं, तरी रक्कम पुरेना. तेव्हा खर्डेकरांनी आपलं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. कुस्तीच्या इतिहासात वस्तादांचं नाव येतं, पुरस्कर्त्या राजांचं येतं. प्राचार्याचं घर क्वचितच येतं. डाव तालमीनं शिकवले खरे, पण हेलसिंकीची वाट मोकळी केली ती कॉलेजनं.

हेलसिंकीत बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. जपानच्या शोहाची इशीनं सुवर्ण नेलं, सोव्हिएत रशियाच्या रशीद ममादबेयोवनं रौप्य. खाशाबांना कांस्य मिळालं. एका लांबलेल्या लढतीनंतर पुरेशी विश्रांती न देताच त्यांना पुन्हा उतरवलं, आणि दाद मागायला भारताचा कुणी अधिकारी जवळ नव्हता, असं सांगितलं जातं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी १९९६ उजाडावं लागलं, तेव्हा लिअँडर पेसनं टेनिसमध्ये ते आणलं.

पदक आलं म्हणून आयुष्य सुकर झालं नाही. नोकरी मिळायला १९५५ उजाडलं. पोलिसात सब-इन्स्पेक्टर म्हणून. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातात ते गेले आणि अर्जुन पुरस्कार त्यानंतरच आला.

मात्र १९५२ च्या विजयी मिरवणुकीची गोष्ट कराडकर अजून सांगतात: स्वागताला दीडशेवर बैलगाड्या, ढोल, गुलाल. गुलाल धुतला गेल्यावर खाशाबांना त्या कर्जाची आठवण झाली. त्यांनी कुस्त्यांची मैदानं भरवली, पुन्हा लाल मातीत उतरले, आणि त्या कमाईतून प्राचार्यांचं गहाण घर सोडवून दिलं.