वतन आणि तख्त

पुण्याहून दक्षिणेस भोरकडे निघालात की डोंगर हळूहळू जवळ येऊ लागतात. एकेका नदीचे एकेक खोरे, ते एकेक मावळ; आणि प्रत्येक मावळाला आपापला देशमुख. 1636 च्या तहाने निजामशाही संपली व हा मुलूख विजापूरच्या आदिलशहाकडे गेला. पण बादशहा राहिला दूर! इथे सारा वसूल करायचा देशमुखाने, जमाव उभा करायचा देशमुखाने, गावचा तंटा तोडायचा तोही त्यानेच. बादशहाने सनद द्यावी, देशमुखाने चाकरी करावी, असा हा व्यवहार.

असाच व्यवहार तुर्कस्तान-इराणच्या सरहद्दीवरील कुर्द सरदारांनी केला होता. 1514 साली चाल्दिरानच्या लढाईत उस्मानी सुलतान सलीमने इराणच्या शहा इस्माइलला हरविले. शहाने सरदारांच्या जागी आपले अधिकारी बसवू पाहिले होते; ते सुलतानाच्या पथ्यावर पडले. इद्रीस बिदलिसी या कुर्द मुत्सद्द्याने मध्यस्थी केली. सरदारांनी सुलतानाला धनी मानून मोहिमेला फौज द्यावी, सुलतानाने त्यांची खोरी वंशपरंपरेने त्यांच्याचकडे ठेवावीत, असे ठरले.

अशा व्यवहाराची खरी कसोटी लागते ती धनी कोण, हाच प्रश्न उभा राहतो तेव्हा. मावळात ती वेळ 1659 त आली. अफझलखान निघाला, आणि जूनमध्ये आदिलशहाचे फर्मान रोहिडखोऱ्यातील कारीच्या कान्होजी जेध्यांना आले: खानाला सामील व्हा. न जावे तर वतन जाणार; आणि वतन म्हणजे नुसती जमीन नव्हे, घराण्याचे नाव, मान, सारेच. कान्होजी पाच मुलांसह शिवाजी महाराजांकडे गेले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले. जेधे करीन्यात ही हकीगत आहे. करीना घरच्यांनीच लिहिलेला, तेव्हा घराण्याची बाजू उजळ दिसणारच. पण त्याच खोऱ्यातील उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानाकडे गेले, हेही विसरू नये. त्यांना मूर्ख कसे म्हणावे? हाती सनद होती, आणि समोर विजापूरची एवढी मोठी फौज. पुढे खान मारला गेला. खंडोजी हाती लागले. कान्होजींनी रदबदली केली म्हणून जीव वाचला, पण एक हात व एक पाय गेला.

गंमत अशी की, ज्यांच्यासाठी देशमुखांनी वतन पणाला लावले, त्या महाराजांनीच पुढे वतनदारांचे हातपाय आवळले. वाडे-हुडे पाडले, हक्काची रक्कम व धान्य ठरवून दिले, असे सभासद सांगतो. रयतेला नाडणारे ठाणे गावोगाव ठेवून राज्य कसे चालणार?

उस्मानी दरबाराला हीच गोष्ट एकोणिसाव्या शतकात सुचली. 1847 मध्ये बोतानच्या बदरखानाला शरण आणून क्रीट बेटावर धाडले. पण सरदार काढले म्हणून सरकारी अंमल डोंगरात शिरला असे झाले नाही. 1891 त सुलतान अब्दुल हमीदला कुर्द टोळ्यांचीच घोडेस्वार पथके उभारावी लागली, आणि त्यांचे अधिकारी म्हणून नेमले टोळ्यांचेच प्रमुख.

आपल्याकडे तर इतका वेळही लागला नाही. 1689 नंतर औरंगजेबाच्या फौजा मुलूखभर पसरल्या. मोगल वतनांची लालूच दाखवू लागले, तेव्हा माणसे फुटू नयेत म्हणून राजाराम महाराजांनाही वतने द्यावी लागली. वडिलांनी आवळलेली गाठ मुलाला सैल करावी लागली.